जुन्या पिकअपचे दिवे: बेळगाव–चोर्ला मार्गावरच्या एका गाडीच्या वायरिंगच्या नोंदी

गाडी २००५ सालची डिझेल पिकअप, १२ व्होल्ट, बॅटरीचं निगेटिव्ह टोक चेसीसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. बेळगावच्या एपीएमसी यार्डातून बटाटा आणि भाजी भरून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटानं गोव्यात जाते. रात्री भरते, पहाटे उतरते, म्हणजे धंद्याचा सगळा वेळ दिव्यांवर. पाऊस लागायच्या आत काम पुरं करायचं आणि जूनअखेर फिटनेसच्या सरकारी तपासणीला गाडी न्यायची. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो आणि तिथे दिवे पाहतातच.

४ मे २०२५: तक्रारी आणि पहिली मापं

ड्रायव्हरनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेतलं. हेडलाइट पिवळट, डावा जास्तच. उजवं इंडिकेटर दिलं की मागचे लाल दिवे लुकलुकतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्ड मंद उजळतो. डावं मागचं इंडिकेटर मनात आलं तर लागतं, आणि इंडिकेटरची टकटक दुप्पट वेगानं होते. रिव्हर्स बंद. सकाळी बॅटरी उतरलेली, दोनदा. आणि शेवटची तक्रार: "पार्किंगचा फ्यूज भरलेल्या गाडीतच जातोय, रिकाम्या गाडीत कधीच नाही."

या सगळ्यांत हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. दिवा बंद आहे एवढं कळून भागत नाही. तो कधी बंद पडतो हे कळलं की निम्मी वायर तपासावीच लागत नाही. म्हणून तक्रार घेताना 'कधी' हे विचारायचंच: पावसात, लोडवर, खड्ड्यात, की गाडी तापल्यावर.

बॅटरी रात्रभर ठेवून १२.५८ व्होल्ट. इंजिन चालू, सगळं बंद: १४.०. हेडलाइट लावून: १३.७. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक. वीज तयार होते आहे, ती वाटेत कुठेतरी खाल्ली जाते आहे. इथून पुढचं सगळं काम म्हणजे त्या व्होल्टचा हिशेब लावणं.

फ्यूज बॉक्स उघडला तर पार्किंगच्या जागी १० अँपिअरच्या लाल फ्यूजऐवजी २५ चा पारदर्शक बसवलेला. तो आधी काढून फेकला. फ्यूज बल्बला वाचवत नाही, वायरला वाचवतो. या लाइनची वायर जेमतेम १ चौरस मिलिमीटरची. तिच्यातून २० अँपिअर धावले तर २५ चा फ्यूज गप्प बसेल आणि आधी वायरचं प्लास्टिक वितळेल. मग शेजारच्या वायरीही एकमेकींना चिकटतील. रंग ध्यानात ठेवायला सोपे आहेत: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

मूळ वायरिंगचा नकाशा नाही आणि वायरींचे रंग उडून सगळ्या मातकट झालेल्या. प्रत्येक वायरीला कापडी टेपची पट्टी लावून आकडा घातला आणि वहीत हातानं नकाशा काढायला घेतला. पट्ट्यांवर अक्षरं नाहीत, फक्त इंग्रजी आकडे. ही गाडी उद्या बैलहोंगलला किंवा पलीकडे साखळीला बंद पडली तर तिथल्या वायरमनला मराठी वाचता आलं नाही तरी आकडा वाचता येईल.

६ मे: हेडलाइटची वीज जाते कुठे

बल्ब काढून होल्डरवर मीटर लावू नये. बल्ब काढला की करंट थांबतो आणि करंट थांबला की गंजलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. माप घ्यायचं ते दिवा लागलेला असताना. मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी बल्बच्या मागच्या पिनवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. अर्थच्या, म्हणजे चेसीसमधून निगेटिव्हला परतणाऱ्या वाटेच्या, बाजूलाही तसंच: बल्बच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत. पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थला ०.२ याच्या वर काही गेलं तर दोष धरायचा.

इंजिन चालू, डिप (खाली पडणारा जवळचा उजेड) लावलेला, बॅटरीवर १३.७. डाव्या बल्बला पोहोचत होते फक्त १०.९. हरवलेले २.८ व्होल्ट असे निघाले: बॅटरी ते फ्यूज बॉक्स ०.३, स्टिअरिंगवरच्या लाइट स्विचमध्ये ०.७, अप्पर-डिपरच्या काँटॅक्टमध्ये ०.५, तिथून बल्बपर्यंत वायर आणि कनेक्टर मिळून ०.४, आणि अर्थमध्ये ०.९. उजव्याला पॉझिटिव्हची वाट तीच, अर्थ मात्र बरा, ०.२. म्हणून तिथे ११.६ पोहोचत होते.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगानं कोसळतो. साधारण ३.४ चा घात धरतात. बल्बचा उजेड १३.२ व्होल्टवर पूर्ण मानला तर १०.९ वर तो जवळजवळ निम्मा राहतो, ११.६ वर दोन-तृतीयांशाच्या थोडा खाली. डावा जास्त पिवळा का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. बल्ब दोन्ही बाजूंना चांगलेच होते.

आणखी एक गोष्ट इथेच सापडली. डाव्या होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडून पिनेभोवती फुगलेलं. कधीतरी ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब घातले होते. उजेड कमी वाटला की हा उपाय बरेच जण करतात आणि तो नेमका उलटा पडतो. वाटेत जाणारे व्होल्ट हे करंट गुणिले अडथळा. बल्ब मोठा केला की करंट दीडपटीच्या वर जातो आणि त्याच गंजलेल्या वाटेत तेवढ्याच पटीनं जास्त व्होल्ट जळतात. ती उष्णता स्विचमध्ये आणि होल्डरमध्ये उतरते. शिवाय रस्त्यावर एवढ्या वॉटचा बल्ब नियमात बसत नाही.

९ मे: रिले

मूळ दोष रचनेतच आहे. दोन्ही हेडलाइटचा ९–१० अँपिअर करंट स्टिअरिंगवरच्या नाजूक स्विचमधून फिरून जातो. वीस वर्षांच्या स्विचकडून ती अपेक्षा धरू नये. स्विचनं फक्त हुकूम द्यावा, वीज बॅटरीतून थेट बल्बला जावी. तेवढ्यासाठी रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच.

बेळगावात ऑटोनगरला सामान घेतलं: १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चार पिनी रिले दोन, त्यांचे सॉकेट दोन, एच-४ चे सिरॅमिक होल्डर दोन, झाकणवाला चार घरांचा ब्लेड फ्यूज बॉक्स एक, ३० अँपिअरचा झाकणवाला मेन फ्यूज एक, ४ चौरस मिमी तांब्याची वायर ३ मीटर, २.५ चौरस मिमीची १० मीटर, ८ मिमी भोकाचे थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या) सहा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी २ मीटर, चिरलेली नालीदार नळी ६ मीटर. रिले घेताना वजन हातात जोखावं. फार हलका रिले असला की आतले काँटॅक्ट बारीक असतात.

जोडणी अशी. बॅटरी पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात ३० चा मेन फ्यूज, पुढे ४ चौरस मिमी वायर दोन्ही रिलेंच्या ३० नंबर पिनेला. जुन्या हेडलाइट कनेक्टरमधली डिपची वायर एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला, दोन्हींचे ८५ अर्थला. ८७ मधून निघालेली वीज चार वेगळ्या १० अँपिअर फ्यूजमधून: डावा डिप, उजवा डिप, डावा अप्पर, उजवा अप्पर. दोन्ही बल्ब एकाच फ्यूजवर ठेवले तर वायरिंग थोडं सोपं होतं, पण घाटात वळणावर फ्यूज गेला तर समोर काळोख. चार फ्यूज केले की एक गेला तरी एक दिवा राहतो. जास्तीच्या फ्यूजघरांचा खर्च यापुढे काहीच नाही.

जोडण्याआधी एक तपासणी चुकवू नये. काही गाड्यांत, विशेषतः जपानी रचनेच्या, हेडलाइटचा स्विच पॉझिटिव्ह तोडत नाही, अर्थ तोडतो. अशा गाडीत बल्बच्या सामाईक पिनेवर कायम १२ व्होल्ट असतात आणि वरची जोडणी केली तर रिले उचलणारच नाही. मीटर लावून सामाईक पीन अर्थ आहे याची खात्री केली. या गाडीत ती अर्थच आहे.

दोन्ही हेडलाइटचे जुने अर्थ, जे रेडिएटरच्या पत्र्याला स्क्रूनं मारले होते, ते सोडून दिले. प्रत्येक होल्डरपासून २.५ ची नवी वायर चेसीसच्या ८ मिमी बोल्टवर आणली. बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, थिंबल आवळला आणि सगळ्यात शेवटी वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी लावून मग आवळू नये.

रिले फेंडरच्या आतल्या बाजूला, पिना खाली तोंड करून. पिना वर केल्या तर सॉकेटात पाणी साठतं.

मापं पुन्हा, तशीच दिवा लावून: बॅटरी १३.७, डावा १३.३, उजवा १३.२. बल्ब तेच जुने ६०/५५. स्टिअरिंगच्या स्विचमधून आता प्रत्येक रिलेच्या गुंडाळीपुरता अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट जातो.

१० मे: काचा आणि रोख

उजव्या हेडलाइटच्या आतला चांदीचा थर उडून राखाडी झाला आहे. त्याला वायरिंगचा इलाज नाही, दोन्ही बाजूंची युनिटं नवी घातली. बल्ब कपड्यानं धरून बसवला. हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा तापते आणि काच लवकर फुटते.

रोख लावायला सपाट जागा आणि भिंत, अंतर १० मीटर. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर आखली आणि डिपची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली आणली. प्रश्न हा की रिकाम्या गाडीत लावायचा की भरलेल्या. पिकअप मागून दबली की नाक वर होतं आणि डिपसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ही गाडी रात्री भरलेलीच पळते, म्हणून लोड घालून लावला. रिकामी परतताना उजेड थोडा जवळ पडेल, पण परतीचा प्रवास बहुतेक दिवसाचा आहे.

नवं युनिट घेताना भिंतीवर कडेचा आकार पाहून घ्यावा. आपल्याकडे डाव्या बाजूनं चालतात, म्हणून कड डावीकडे वर चढायला हवी, रस्त्याच्या कडेचा दगड आणि चालणारा माणूस दिसावा म्हणून. बाजारात उजवीकडे चढणारी युनिटंही मिळतात. ती लावली तर समोरून येणारा आंधळा होतो, मग रोख कितीही खाली करा.

१३ मे: मागचे दिवे, एकाच रोगाची तीन लक्षणं

इंडिकेटरला टेललाइट लुकलुकणं, ब्रेकला डॅशबोर्ड उजळणं, मागचे दिवे मंद. तीन तक्रारी वाटतात, मूळ एक: अर्थ नाही.

मागचा लाल बल्ब २१/५ वॉटचा, दोन फिलामेंटचा. २१ ची तार ब्रेकची, ५ ची पार्किंगची, आणि दोघींची परतीची वाट एकच, होल्डरची पत्री बाही. ती वाट तुटली की ब्रेकचा करंट अडकत नाही. तो ५ वॉटच्या तारेतून उलटा पार्किंगच्या लाइनमध्ये शिरतो आणि डॅशबोर्डचे आणि पुढचे बारके बल्ब यांच्यामधून अर्थ शोधतो. म्हणून पाय ब्रेकवर आणि उजेड डॅशबोर्डमध्ये. इंडिकेटरचं तसंच.

खात्री एका मिनिटात होते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर आणून होल्डरच्या बाहीला टेकवली, सगळे दिवे लगेच आपापल्या जागी नीट लागले. ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही चालू ठेवून अर्थमधलं नुकसान मोजलं: उजवीकडे ३.८ व्होल्ट, डावीकडे २.६.

कारण हौद्यात आहे. टेललाइटचा अर्थ हौद्याच्या पत्र्याला स्क्रूनं मारलेला. हौदा नंतर बांधून घेतलेला, चेसीसवर लाकडी पट्ट्यांवर बसवलेला आणि सगळीकडून रंगवलेला. म्हणजे करंटला चेसीसपर्यंत यायला चार गंजलेले बोल्ट एवढीच वाट. हौदा बदललेल्या प्रत्येक जुन्या पिकअपमध्ये ही जागा पहिली पाहावी.

दोन्ही टेललाइटपासून २.५ ची अर्थ वायर एकत्र आणून मागच्या क्रॉस मेंबरजवळ चेसीसला दिली. केबिन आणि चेसीसमधली विणलेली पट्टी काळी पडून अर्धी तुटलेली होती. दिवे लावून तिच्या दोन टोकांत ०.४५ व्होल्ट येत होते. नवी घातली. आता मागचं नुकसान दोन्हीकडे ०.१.

उजव्या होल्डरमध्ये अजून एक खोडी: दोन फिलामेंटचा बल्ब उलटा दाबून घातलेला. त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम कमी-जास्त उंचीवर असतात, तो एकाच बाजूनं बसावा म्हणून. होल्डर सैल झाला की जोर लावून उलटाही बसतो, आणि मग पार्किंगला २१ वॉट आणि ब्रेकला ५. मागच्याला आपण थांबतोय हे कळत नाही. एक फिलामेंटचा बल्ब दोन काँटॅक्टच्या होल्डरात कोंबला तर दोन्ही लाइनी आतच जोडल्या जातात आणि लक्षणं हुबेहूब अर्थ गेल्यासारखी दिसतात. म्हणून अर्थ शोधायच्या आधी बल्ब काढून पाहायचा.

१६ मे: भरल्यावरच जाणारा फ्यूज

पार्किंगच्या लाइनवरचं एकूण ओझं मोजलं. पुढे दोन ५ वॉट, मागे दोन ५ वॉट, नंबरप्लेटचा ५ वॉट, डॅशबोर्डचे बारके मिळून ६ वॉटच्या आसपास. सगळे ३१ वॉट, म्हणजे सव्वादोन-अडीच अँपिअर. १० चा फ्यूज ओझ्यानं जाऊच शकत नाही. कुठेतरी वायर पत्र्याला लागते आहे.

फ्यूजवर फ्यूज जाळत बसण्यापेक्षा फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब दोन वायरी लावून जोडायचा. शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो आणि करंटही पावणेदोन अँपिअरच्या आसपास अडवून धरतो, काही जळत नाही. शॉर्ट सुटला की विझतो. पण आधी पार्किंगचे सगळे बल्ब काढायला हवेत. ते ठेवले तर तपासणीचा बल्ब त्यांच्यामधून मंद पेटत राहतो आणि माणूस नसलेला शॉर्ट शोधत बसतो.

बल्ब लावून हार्नेस (वायरींचा जुडगा) केबिनपासून मागे हलवत नेला. काही नाही. मग 'लोडवरच' ही तक्रार आठवून हौद्यात ५० किलोची दहा पोती टाकली, मागे दोघांना उभं करून गाडी दाबायला सांगितली. प्रत्येक दाबाला बल्ब पेटला.

जागा मिळाली डाव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) मागच्या हँगरजवळ. हार्नेस धरणारी क्लिप तुटलेली. रिकाम्या गाडीत वायरी हवेत लोंबतात, पाटा दबला की हँगर आणि चेसीसच्या मध्ये चिरडतात. पार्किंगच्या वायरीचं तांबं उघडं, डाव्या इंडिकेटरची वायर जवळजवळ तुटलेली. जांबोटीच्या पुढे खड्ड्यात गाडी आदळली की फ्यूज, याचा उलगडा इथे झाला.

डाव्या इंडिकेटरचाही. त्या वायरीच्या टोकाला मीटर १२.४ दाखवत होतं आणि बल्ब लागत नव्हता. आत एकच तार शिल्लक. मीटरला जवळजवळ करंट लागतच नाही, त्याला एक तार पुरते. २१ वॉटला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या तारेतून येत नाहीत. मीटरवर विश्वास ठेवून तीन नवे बल्ब घालून झाले होते. वायरीच्या टोकाला २१ वॉटचा बल्बच लावून पाहावा. तो पेटला तर वीज आहे, नाहीतर नाही.

चिरलेला तुकडा कापला तर आत तांब्यावर हिरवा कळंक. पाणी इन्सुलेशनच्या आतून तारांतून वर चढत जातं, म्हणून जखम असते तिथेच कापून भागत नाही. तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे जावं लागतं. इथे एका बाजूला १५ सेंमी लागले, दुसऱ्या बाजूला ४० सेंमी. नवे तुकडे घालताना पाचही वायरींचे सांधे एका जागी न घेता ४-४ सेंमी मागेपुढे घेतले, नाहीतर गाठ जाड होते आणि पुन्हा घासते.

सांधा पिळून टेप मारायचा नाही. उन्हात टेपचा गोंद सुटतो आणि पश्चिमेकडची तांबडी माती पाण्याबरोबर आत जाते. कथिलाचा डाग पक्का वाटतो, पण कथील तारांतून पुढे चढतं, तेवढी वायर ताठ होते आणि पाट्याजवळच्या हादऱ्यांनी नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. चेसीसवर क्रिंप सांधा (पक्कडीनं नळीत दाबून केलेला) आणि वर गोंदवाली हीट श्रिंक, दोन्ही टोकांतून गोंद डोकावेपर्यंत तापवलेली. केबिनच्या आत, जिथे हादरा कमी, तिथे डाग चालेल.

सगळा हार्नेस नालीदार नळीत, चिरेचं तोंड खाली, पाट्याच्या वरच्या बाजूनं न नेता चेसीसच्या आतल्या कुशीतून. दर ३० सेंमीला रबराची पट्टी असलेली क्लिप. दहा पोती तशीच ठेवून पुन्हा दाबून पाहिलं, बल्ब पेटला नाही. पार्किंगला १० चा लाल फ्यूज.

१९ मे: इंडिकेटरची घाई

डावी वायर जोडल्यावरही टकटक जलदच, दोन्ही बाजूंना. काही इंडिकेटरांत एलईडी बल्ब बसवलेले होते. जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बल्बच्या ओझ्यावर वेग ठरवतो. ओझं कमी दिसलं की एक बल्ब गेला असं समजून तो घाई करतो, आणि ती घाई म्हणजे ड्रायव्हरला दिलेली सूचना असते.

एलईडी ठेवायचे तर त्यांचा वेगळा फ्लॅशर घालावा लागतो, किंवा प्रत्येक बल्बला समांतर ६ ओहमचा ५० वॉटचा रेझिस्टर. तो रेझिस्टर इंडिकेटर चालू असताना ३० वॉट उष्णता टाकतो, म्हणजे एलईडीनं वाचवलेली वीज पुन्हा जाळायची, आणि प्लास्टिकजवळ बसवला तर ते वितळतं. शिवाय या दिव्यांचा रिफ्लेक्टर तारेच्या बल्बसाठी घडवलेला आहे. एलईडी बल्ब समोरून झगझगीत आणि बाजूनं जवळपास दिसत नाही. २१ वॉटचे साधे बल्ब परत घातले. वेग मोजला, मिनिटाला ८४. नियमात ६० ते १२० चालतं.

हॅझर्डचं, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लावायचं, बटण वर्षानुवर्षं न दाबलेलं. या गाडीत इंडिकेटरची वीज त्या बटणाच्या काँटॅक्टमधूनच फिरून येते, म्हणून ते बिघडलं की दोन्ही इंडिकेटर बंद पडतात आणि दोष फ्लॅशरवर जातो. वीसेक वेळा दाबून-सोडून काँटॅक्ट साफ झाले.

२१ मे: ब्रेक, रिव्हर्स, उतरणारी बॅटरी

पेडलच्या दांड्यावरचं रबरी बटण झिजून गळून पडलेलं. पेडल वर आलं तरी स्विचची काडी त्या भोकातून बाहेरच राहते आणि ब्रेकलाइट विझत नाही. ती लाइन बॅटरीवरून थेट आहे, किल्ली बंद असली तरी चालू. दोन २१ वॉट म्हणजे साडेतीन अँपिअर, दहा तासांत ३५ अँपिअर-अवर. सकाळी बॅटरी उतरलेली असणारच. नवं रबर बसवलं, स्विचचा नट असा लावला की पेडल बोटभर खाली जायच्या आत दिवा लागतो. रात्री सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर घातलं, ३० मिलिअँपिअर. ठीक.

रिव्हर्सच्या स्विचच्या दोन वायरी गिअरबॉक्सजवळ एकमेकींना टेकवल्या, दिवा लागला. स्विच गेलेला. नवा स्विच, नवा तांब्याचा वॉशर. नंबरप्लेटचा दिवा नुसत्या होल्डरच्या गंजानं बंद होता.

२ जून: पाण्याची परीक्षा

दिवे लावून, इंजिन चालू ठेवून, दहा मिनिटं प्रत्येक दिव्यावर पाइपनं पाणी. डाव्या टेललाइटमध्ये पाणी शिरलं. लेन्सची रबरी पट्टी वरच्या कोपऱ्यात तुटकी, बदलली. खालचं निचऱ्याचं भोक कोणीतरी सिलिकॉननं बंद केलेलं. ते मोकळं केलं. दिवा तापतो, थंड होतो आणि दमट हवा आत ओढतोच. कणकुंबीच्या धुक्यात तर ओढणारच. भोक बंद केलं की ते पाणी आतच राहतं आणि होल्डर कुजतो.

प्रत्येक कनेक्टरपाशी वायर आधी खाली लोंबवून मग वर घेतली, म्हणजे थेंब कनेक्टरात न जाता वायरीवरून खाली गळतो.

१५ जून: घाटाच्या पाच फेऱ्यांनंतर

पाच फेऱ्या, त्यातल्या तीन मुसळधार पावसात. फ्यूज एकही गेला नाही. मापं पुन्हा घेतली: डावा हेडलाइट १३.३, उजवा १२.७. उजवा अर्ध्या व्होल्टनं खाली. होल्डर हात न लावण्याइतका गरम. पिनेचा सॉकेट सैल होता. ९ मेला होल्डर दाबून बसवला तेव्हाच त्याची पकड तपासायला हवी होती. सॉकेट काढून चिमट्यानं आवळला, पुन्हा १३.२.

फिटनेससाठी परावर्ती पट्ट्या नव्या: पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या, मागे लाल. मागच्या फाळक्यावरची पट्टी फाळका उघडल्यावर दिसत नाही, म्हणून चेसीसच्या मागच्या आडव्या पट्टीवरही एक जोडी. ऊस हंगामात निपाणी-संकेश्वरकडे दिवे नसलेल्या ट्रॉल्यांच्या मागे रात्री चालवणाऱ्याला या पट्टीची किंमत कळते.

केबिनच्या कप्प्यात ठेवलं: एच-४ बल्ब एक, २१/५ दोन, २१ दोन, ५ वॉट दोन, १० चे फ्यूज सहा, ३० चा एक, रिले एक, वायरी जोडलेला २१ वॉटचा तपासणीचा बल्ब, आणि आकड्यांच्या नकाशाची लॅमिनेट केलेली प्रत.

पुढची मापं खंडेनवमीनंतर. त्या दिवशी गाड्या प्रेशरनं धुतात. हेडलाइटच्या मागच्या रबराकडे आणि रिलेच्या सॉकेटाकडे जेट मारू नये, हे ड्रायव्हरमामांना दाखवून ठेवलं आहे. तरी दुसऱ्या दिवशी उजव्या होल्डरचं आणि दोन्ही टेललाइटच्या अर्थचं माप घ्यायचं, दिवा लावून.